गाडी दोन इंच वर गेली, मग खाली काय काय ताणलं?

जुन्या फोर बाय फोरची उंची वाढवायची म्हटलं की डोळ्यांसमोर पाटे येतात, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या कमानदार लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. जास्त कमानीचे नवे पाटे आणायचे, जुने काढायचे, नवे बसवायचे, झालं. हे काम घरी होतंही. दोन माणसं, चांगला जॅक, भक्कम स्टँड आणि मोकळे दोन दिवस असले की चारही पाटे बदलून होतात. घोळ होतो तो पुढे. एक्सल (दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) आणि चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) यांच्यामधलं अंतर गाडी बनवणाऱ्यांनी एका मापाचं धरलेलं असतं. त्या अंतरातून ब्रेकचा होज (लवचिक नळी) जातो, एक्सलकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट जातो, स्टिअरिंगचा दांडा जातो, हँडब्रेकची केबल लोंबते, शॉक अ‍ॅब्सॉर्बर उभा असतो. ते अंतर तुम्ही ५ सेंटीमीटरने वाढवलंत की यातल्या प्रत्येकाला ते ५ सेंटीमीटर कुठून तरी आणावे लागतात. ज्याला आणता येत नाहीत तो ताणतो, वाकतो किंवा तुटतो.

इथे मी मुख्यतः पाट्यांच्या, म्हणजे पुढेमागे अखंड एक्सल असलेल्या गाड्यांबद्दल लिहितोय, कारण जुन्या ऑफ-रोड गाड्यांमध्ये त्याच जास्त. १९७० साली आलेल्या रेंज रोव्हरने अशा गाडीला चारही बाजूंनी कॉइल स्प्रिंग देऊन दाखवली, तरी पुढे कितीतरी वर्षं बऱ्याच कंपन्यांनी पाटे सोडले नव्हते. कॉइलवाल्यांसाठी आणि टॉर्शन बारवाल्यांसाठी (पीळ घेणारा दांडा हीच त्यांची स्प्रिंग) पुढे थोडं लिहिलंय.

आधी एक गैरसमज. पाटे उंच केले म्हणून डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे एक्सलवरचा चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा, जमिनीपासून एक मिलिमीटरही वर जात नाही. एक्सल चाकांवर टेकलेला आहे, चाकं जमिनीवर. वर जाते ती फक्त चॅसी आणि तिच्यावरची बॉडी. गोळा वर न्यायचा एकच साधा मार्ग म्हणजे मोठा टायर, आणि तिथेही हिशेब निम्म्याचा: २८ इंची टायर काढून ३० इंची लावला तर गोळा १ इंच वर जातो, कारण टायरचा अर्धाच व्यास एक्सलच्या खाली असतो. मग पाटे कशाला वाढवायचे? एक तर तो मोठा टायर मडगार्डला न घासता मावावा म्हणून. दुसरं, गाडीचं पोट उंचवट्यावर टेकू नये म्हणून. दोन चाकांमध्ये २४० सेंटीमीटर अंतर आणि पोटाखाली मधोमध २० सेंटीमीटर जागा असेल, तर साधारण १९ अंशांपर्यंतचा उंचवटा न टेकता पार होतो. पोट ५ सेंटीमीटर वर गेलं की तोच कोन साडेतेवीस अंशांच्या आसपास जातो. बांध ओलांडताना हा फरक चांगलाच कळतो.

बॉडी आणि चॅसी यांच्यामध्ये ठोकळे घालून नुसती बॉडी वर उचलायचाही प्रकार आहे. त्यात टायरला जागा मिळते, पण चॅसी होती तिथेच राहते, म्हणून पोट टेकायचं ते टेकतंच. तो वेगळा विषय, इथे सोडून देतो.

आता पाना हातात घेण्याआधी मोजपट्टी घ्या. सपाट जागेवर गाडी उभी करा, चारही टायरमध्ये हवा नेमकी भरा, आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं उभं अंतर लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, नाहीतर टायरची झीज मापात येते. ही चार मापं कंपनीच्या मूळ मापांशी ताडून पाहा. पंचवीस-तीस वर्षं वजन वाहिलेले पाटे दमलेले असतात, त्यांची कमान उतरलेली असते, आणि ज्या बाजूला ड्रायव्हर बसतो ती बाजू बहुधा दुसरीपेक्षा खाली. माझ्या गाडीत मागचा डावा-उजवा फरक दीड सेंटीमीटर निघाला होता, आणि मी आधी वर्षभर टायरच्या हवेला दोष देत होतो. सांगायचा मुद्दा असा की अनेकांना जी ‘लिफ्ट’ हवी असते त्यातली बरीचशी म्हणजे गाडीची स्वतःचीच हरवलेली उंची असते. मूळ मापाचे नवे पाटे आणि नवे बुश (जोडांतली रबरी अस्तरं) टाकले की ती परत मिळते, आणि वर सांगितलेल्या ताणाताणीतलं काहीच करावं लागत नाही. माझं प्रामाणिक मत विचाराल तर निम्म्या लोकांनी इथेच थांबावं.

ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासमोर चार-पाच वाटा येतात. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फसवी वाट म्हणजे लांब शॅकल. शॅकल, म्हणजे पाट्याला चॅसीशी जोडणारा झुलता दुवा, पाट्याच्या एकाच टोकाला असतं, म्हणून ते २ इंच लांब केलं तरी गाडी वर जाते साधारण १ इंच. शिवाय पाट्याचं एकच टोक खाली ढकललं गेल्यामुळे एक्सल आपल्या जागी थोडा फिरतो. हे फिरणं पुढच्या एक्सलला बाधतं, त्याकडे येतोच. जुन्या संचात एक जादा पाटा घालायची पद्धत दुसरी. उंची मिळते, पण गाडी कडक होते, आणि दमलेल्या पाट्यांच्या जोडीला एक ताजा पाटा दिला की सगळा भार तोच उचलत बसतो. तिसरी वाट एक्सल आणि पाट्याच्या मध्ये लोखंडी ठोकळा घालायची. हा फक्त मागे चालतो. पुढच्या एक्सलला ठोकळा कधीही घालू नका. ब्रेक दाबल्यावर एक्सल पीळ घेऊ पाहतो, ठोकळ्यामुळे त्या पिळाला तरफ मिळते, आणि पुढच्या चाकांवर ब्रेकचा जोर सगळ्यात जास्त असतो. एकावर एक दोन ठोकळे तर मागेही नकोत.

सरळ वाट म्हणजे जास्त कमानीचे, त्या गाडीसाठीच घडवलेले पूर्ण नवे पाटे. खर्च जास्त, पण डोकेदुखी कमी. आणि एक शूरांची वाट आहे: सुझुकीच्या जुन्या एसजे मालिकेतल्या गाड्यांसारखं जिथे पाटे एक्सलच्या खालून जातात, तिथे ते एक्सलच्या वर आणायचे. एक्सलच्या नळीची जाडी आणि पाट्यांच्या थराची जाडी मिळून एकदम ५ इंचांच्या घरात उंची मिळते. पण त्यासाठी एक्सलवर पाट्यांच्या नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात, स्टिअरिंगचे दांडे नव्याने बसवावे लागतात, एक्सलचा पीळ आवरायची सोय करावी लागते. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. यापुढचं सगळं मी ५ सेंटीमीटर, म्हणजे २ इंच, धरून सांगतोय. घरच्या कामाला तेवढं पुरे.

गाडी उचलण्याबद्दल दोन गोष्टी. जॅक हा उचलण्यापुरता. काम करताना चॅसी स्टँडवर टेकलेली हवी. विटा आणि पोकळ सिमेंटचे ठोकळे तर नकोतच, ते आधी काही न सांगता फुटतात. दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. विलीज जीप, जुनी लँड रोव्हर अशा काही गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) मागे जाणाऱ्या शाफ्टवर असतो. मागचं एक चाक जमिनीवरून उचललं की डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक एका दिशेने फिरतं आणि टेकलेलं दुसऱ्या. शाफ्ट जागचा हलत नाही, हँडब्रेक पूर्ण ओढलेला असतो आणि गाडी निघते. म्हणून जी चाकं जमिनीवर आहेत त्यांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे ठोकायचे, हँडब्रेक कुठेही असो.

काम मागच्या एक्सलपासून सुरू करा, तिथे स्टिअरिंग नसतं. सगळ्या बोल्टना आठवडाभर आधीपासून रोज गंजावरचं तेल पाजा. तरीही पाट्याच्या डोळ्यातला (टोकाच्या गोल वळीतला) बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीला घट्ट चिकटलेला निघणार, याची तयारी ठेवा. डोकं फिरतं, नळीही सोबत फिरते, रबर कुंईकुंई करतं आणि बोल्ट बाहेर मात्र येत नाही. मग तो कापूनच काढावा लागतो. नवे बोल्ट आधीच आणून ठेवलेले असले तर तो दिवस वाया जात नाही.

चॅसी स्टँडवर, एक्सलखाली जॅक, मग शॉक सोडायचा, पाट्याला एक्सलशी आवळणारे यू-बोल्ट काढायचे आणि एक्सल हळूहळू खाली घ्यायचा. खाली घेताना नजर ब्रेकच्या होजवर. तो ताणायला लागला तर तिथेच थांबा. एक्सलचं वजन होजवर टांगलं की तो बाहेरून धड दिसतो आणि आतून फाटतो. नवा पाटा चढवताना त्याची पुढची-मागची बाजू बघा. पाट्याचे थर एकत्र धरणारा मधला बोल्ट नेहमी बरोबर मध्ये नसतो, उलटा पाटा लावला तर एक्सल पुढे किंवा मागे सरकतो आणि चाक मडगार्डच्या मधोमध दिसत नाही. त्या मधल्या बोल्टचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसलंय हे बोटाने चाचपून पाहा. ते कडेवर चढलेलं असताना यू-बोल्ट आवळले तर सगळं घट्ट वाटतं, आणि पहिल्या खड्ड्यात एक्सल तिरका होतो.

यू-बोल्ट नवेच घ्या. ते आवळताना ताणले जातात आणि त्या ताणावरच पाटा एक्सलला धरून ठेवतात. एकदा ताणलेले, आटे गंजलेले बोल्ट तीच पकड देत नाहीत. आवळायचे ते फुलीच्या क्रमाने, थोडे थोडे, आणि शेवटी टॉर्कच्या पान्याने गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत.

पाट्याच्या डोळ्यातले आणि शॅकलचे बोल्ट मात्र गाडी हवेत असताना आवळू नका. नुसते हाताने बसवा, चाकं लावा, गाडी जमिनीवर उतरवा, दोन-चारदा दाबून हलवा, मग आवळा. रबरी बुश आवळल्या जागी चिकटून राहतो आणि पाटा हलताना रबर पिळवटतं. लोंबकळत्या अवस्थेत आवळलं तर गाडी उतरवताक्षणी प्रत्येक बुश पिळलेला असतो आणि तसाच कायमचा राहतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी घाईत विसरलो. सहा महिन्यांत शॅकलचे बुश चिरले आणि उंचीही हिशेबापेक्षा थोडी जास्तच दिसत होती. ती पाट्यांची नव्हती, पिळलेल्या रबराची होती.

शॉककडे वळू. वजन पेलतो तो पाटा. शॉकचं काम पाट्याचं उड्या मारणं थांबवण्याचं. गाडी वर गेली की जुना शॉक त्याच्या लांबीच्या टोकाजवळ काम करायला लागतो, आणि चाक खड्ड्यात लोंबलं की पाट्याऐवजी शॉकच एक्सलला धरून ठेवतो. त्याच्या खालच्या वरच्या पकडी त्यासाठी नसतात. पण ‘मग लांबच शॉक घेऊ’ हेही डोळे मिटून करायचं नाही. लिफ्टनंतर वरच्या आणि खालच्या पकडीतलं अंतर ४८ सेंटीमीटर भरलं, आणि एक्सलपासून बंप स्टॉपच्या, म्हणजे एक्सलला वर अडवणाऱ्या ठोकळ्याच्या, रबरापर्यंत १० सेंटीमीटर जागा आहे असं समजा. रबर आणखी २ सेंटीमीटर दबेल. म्हणजे शॉकच्या वाट्याला ३६ सेंटीमीटर उरले. पूर्ण दाबलेला शॉक यापेक्षा आखूड हवा, नाहीतर खड्ड्यात बंप स्टॉपच्या आधी शॉकच टेकेल आणि त्याचा दांडा वाकेल. मग चाक पूर्ण लोंबवून तेच अंतर मोजा. ते ५७ भरलं तर ताणलेला शॉक त्याहून थोडा लांब हवा. या दोन आकड्यांत बसणारा शॉक मिळाला नाही तर बंप स्टॉप थोडा खाली आणतात.

ब्रेकचे होज लांब घेणं हा खर्चाचा नसून आळसाचा प्रश्न असतो, कारण मग ब्रेकमधली हवा काढत बसावं लागतं. करा. मागच्या एक्सलजवळ अनेक गाड्यांत एक झडप असते, तिचा दांडा एक्सलला जोडलेला. गाडीत माल भरला की चॅसी खाली बसते, दांडा वर ढकलला जातो आणि झडप मागच्या ब्रेकला जास्त दाब देते. तुम्ही गाडी वर उचललीत की त्या बिचाऱ्या झडपेला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि ती मागचा ब्रेक कायमचा कमी करून टाकते. गाडी चालवताना हे पटकन जाणवत नाही. दांड्याची पकड जितकी गाडी वर गेली तितकी वर आणून झडपेचा कोन पूर्वीसारखा करायचा, किंवा मॅन्युअलप्रमाणे दांडा जुळवायचा.

आता प्रोपेलर शाफ्ट. याच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे कोनात राहूनही फिरणारे जोड, असतात. क्रॉस कोनात फिरला की त्याच्या पलीकडचा भाग एका फेऱ्यात दोनदा किंचित वेगाने आणि दोनदा किंचित संथ फिरतो. दुसऱ्या टोकाच्या क्रॉसचा कोन तेवढाच असेल, तर तो ही चूक उलटी करून मिटवतो आणि एक्सलला एकसारखी गती मिळते. नुसत्या जास्त कमानीच्या पाट्यांनी एक्सल फारसा फिरत नाही, म्हणून दोन्ही कोन बरोबरीनेच वाढतात आणि गाडी बहुधा थरथरत नाही. क्रॉस लवकर झिजतात इतकंच. पण मागे लांब शॅकल लावलं की पाट्याचं मागचं टोक खाली जातं, एक्सल फिरतो, डिफरन्शियलचं तोंड वर बघू लागतं आणि दोन कोनांची जोडी फुटते. मग ठरावीक वेगाला सीटखाली घुमल्यासारखं वाटतं. त्यावर इलाज पाटा आणि बैठक यांच्यामध्ये घालायची लोखंडी पाचर. अ‍ॅल्युमिनियमची नको, ती दाबाखाली तडकते.

शाफ्टची लांबीही बघायची. ट्रान्सफर केसपासून मागच्या एक्सलपर्यंत आडवं अंतर ६० सेंटीमीटर आणि उतार १५ सेंटीमीटर असेल, तर गाडी ५ सेंटीमीटर वर गेल्यावर शाफ्टच्या सरकत्या जोडातून साधारण १४ मिलिमीटर भाग बाहेर येतो. चाकं पूर्ण लोंबली की आणखी. जोडात पुरेशी पकड उरते का, हे गाडी स्टँडवर असतानाच खडूने खूण करून पाहा.

पुढच्या एक्सलला दुहेरी पेच आहे. चाक ज्या खिळ्यावर वळतं तो वरच्या टोकाला थोडा मागे झुकलेला असतो. त्या झुकावाला कॅस्टर म्हणतात, आणि वळल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं ते बरंचसं त्याच्यामुळे. एक्सल फिरला की कॅस्टर बदलतो. शॅकल पुढच्या टोकाला असेल आणि ते लांब केलंत, तर खिळ्याचं डोकं पुढे येतं, कॅस्टर घटतो आणि गाडी रस्त्यावर इकडेतिकडे भटकू लागते. पाचर घालून कॅस्टर परत आणता येतो, पण त्याच पाचरीने डिफरन्शियलचं तोंड खाली जातं आणि पुढच्या शाफ्टचा कोन बिघडतो. दोन्हींपैकी एकाला झुकतं माप द्यायचंच असेल तर मी स्टिअरिंगला देतो. पुढचा शाफ्ट बहुतेक जुन्या गाड्यांत फोर बाय फोर लावल्यावरच ताकद वाहतो. स्टिअरिंग कायम लागतं.

कॉइलवाल्या गाडीत एक्सलला आडवं धरून ठेवायला पॅनहार्ड रॉड असतो, एक टोक चॅसीला आणि दुसरं एक्सलला. ८० सेंटीमीटरचा रॉड १० सेंटीमीटर उतरता असेल आणि गाडी ५ सेंटीमीटर वर गेली, तर एक्सल ८ मिलिमीटर एका बाजूला सरकतो. १० सेंटीमीटर वर नेली तर १९ मिलिमीटर. उंची दुप्पट, सरकणं दुपटीहून जास्त. लांबी जुळवता येणारा रॉड लावून एक्सल परत मधोमध आणतात. याच रॉडच्या ढिल्या बुशमुळे आणि बिघडलेल्या जुळणीमुळे एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाकं वेड्यासारखी थडथडू लागतात. तसं झालं तर स्टिअरिंगशी झगडू नका, वेग उतरवा, थांबा आणि एकेक जोड हलवून बघा.

टॉर्शन बारवाल्या गाडीत बोल्ट आवळला की पुढचा भाग वर येतो, म्हणून हे सगळ्यात सोपं वाटतं. पण त्यात चाकाचा खाली लोंबायचा प्रवास तुम्ही खर्च करून टाकता, आणि डिफरन्शियलपासून चाकाकडे जाणाऱ्या अर्ध्या शाफ्टचे जोड तिरक्या कोनात झिजतात. एखाद-दीड सेंटीमीटरच्या पुढे जाऊ नये, आणि नंतर अलाइनमेंट करून घ्यायचंच.

उंचीची किंमत वळणावर मोजावी लागते. चाकांमधली रुंदी १३० सेंटीमीटर आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटीमीटरवर असेल, तर कागदावर ती ४३ अंशांच्या आसपास कलल्यावर उलटेल. गुरुत्वमध्य ७५ वर गेला की ४१. प्रत्यक्षात पाटे दबतात आणि बॉडी झुकते, म्हणून खरा आकडा यापेक्षा बराच कमी. ऐनवेळी अंगावर येणाऱ्या वळणाला हे दोन अंश महाग पडतात. वर कॅरिअरवर सामान बांधणाऱ्यांनी जास्त जपावं. गाडीत असा बदल करायचे नियम आणि विम्याच्या अटी जिथे गाडी नोंदवलेली आहे तिथल्या पाहायच्या, आणि त्या काम सुरू करण्याआधी.

गाडी रस्त्यावर काढण्याआधी एक चाचणी करा. एक चाक भक्कम रॅम्पवर चढवा, म्हणजे एक्सलचं एक टोक पूर्ण वर आणि दुसरं पूर्ण खाली. सहकाऱ्याला बाहेरून बघायला सांगून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. टायर कुठे घासतो, होज कुठे ताणतो, डिफरन्शियलच्या हवेची नळी निघून येते का, हँडब्रेकची केबल तटतटते का, सगळं याच वेळी दिसतं. मग हेडलाइट खाली करा, नाहीतर समोरून येणारा शिव्या देईल. टायर २८ चा ३० केला असेल तर काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६४ ने धावत असेल, हेही ध्यानात ठेवा.

प्रत्येक नटावर आणि त्याच्या बाजूच्या धातूवर रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवा. शंभरेक किलोमीटर झाले की वाकून बघा. यू-बोल्टवरच्या एक-दोन रेघा तुटलेल्या दिसतीलच. नवे पाटे बसतात, थर दबतात, बोल्ट सैल पडतात. पुन्हा टॉर्क लावा, नवी रेघ मारा आणि पाचशे किलोमीटरला परत एकदा वाका.